दुसऱ्याच्या कथेतले आपले नाव

शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथपरंपरेत मराठवाड्यातल्या एका शिंप्याच्या ६१ रचना आहेत. परंपरेने मानलेल्या कालगणनेनुसार नामदेव १२७० साली जन्मले आणि १३५० साली समाधिस्थ झाले. म्हणजे ग्रंथ सिद्ध होत होता तेव्हा त्यांना जाऊन अडीचशे वर्षे उलटली होती. त्यांच्यामागे राजसत्ता नव्हती, मठाची जमीनजुमल्याची व्यवस्था नव्हती, त्यांच्या हयातीत छापखाना तर भारतात यायचाच होता. तरीही हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी वसलेले नर्सी हे गाव आज त्यांच्याच नावाने नर्सी नामदेव म्हणून ओळखले जाते. पंढरपूरच्या महाद्वाराची पहिली पायरी नामदेव पायरी झाली आहे. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान पूजले जाते, आणि त्याच घुमानला २०१५ च्या एप्रिलमध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. एका माणसाचे नाव इतक्या काळातून आणि इतक्या मुलखातून कसे गेले, याचा विचार केवळ भक्तीच्या अंगाने करून भागत नाही. ते नाव कथेने नेले. ती कथा कशी रचली गेली होती, हे पाहण्यासारखे आहे.

पाहण्यासारखे अशासाठी, की सध्या उलट शिकवण जोरात आहे. अमेरिकी लेखक टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये 'फास्ट कंपनी' या नियतकालिकात लेख लिहून, प्रत्येक माणसाने स्वतःकडे एक ब्रँड म्हणून पाहावे असे सांगितले. तेव्हापासून पर्सनल ब्रँडिंग हा शब्द रूढ होत गेला आणि आता तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. नर्सीच्या शेजारच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे उदाहरण घ्या. तिथला एखादा तरुण हळदीची पावडर विकू पाहत असेल, रोपवाटिका चालवत असेल किंवा स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेत असेल, तर मोबाइलवर त्याला सर्वांत आधी हाच सल्ला मिळतो : तुमची गोष्ट सांगा, तुमचा संघर्ष दाखवा, तुमचा चेहरा लोकांसमोर ठेवा. गोष्टीत ताकद असते, हे या सल्ल्यातले म्हणणे खरे आहे. पण गोष्ट स्वतःचीच हवी आणि तिच्या केंद्रस्थानी आपणच हवे, हा त्याचा दुसरा भाग मला चुकीचा वाटतो. साखऱ्याच्या जवळच घडलेले सर्वांत मोठे उदाहरण त्याच्या विरोधात साक्ष देते.

गोष्टीची ताकद किती, हे प्रयोगांनीही दिसले आहे. गॉर्डन बॉवर आणि मायकल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या. एका गटाने त्या नेहमीसारख्या पाठ केल्या. दुसऱ्या गटाने प्रत्येक यादीतले शब्द एका गोष्टीत गुंफले. शेवटी सगळ्या याद्या पुन्हा विचारल्या तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांना सुमारे ९३ टक्के शब्द आठवले, पाठ करणाऱ्यांना सुमारे १३ टक्के. मात्र फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात याची दुसरी बाजू दाखवली होती. इंग्रज वाचकांना त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासींची एक लोककथा दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. लोकांनी अनोळखी तपशील गाळले आणि आपल्या ओळखीचे तपशील घालून कथा स्वतःच्या जगण्याच्या मापात बसवली. म्हणजे गोष्ट स्मरणात राहते, पण ऐकणाऱ्याने ती आपलीशी केली तरच. ज्या गोष्टीत ऐकणाऱ्याला शिरायला जागाच नाही, जी सांगणाऱ्याच्या पराक्रमाने काठोकाठ भरलेली आहे, ती ऐकली जाते आणि तिथेच संपते.

आता नामदेवांकडे पाहू. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण केली. ग्रंथाच्या शेवटी नेवासे, यादव राजा रामचंद्र, गुरू निवृत्तिनाथ असे मोजके उल्लेख येतात. स्वतःच्या आयुष्याबद्दल ज्ञानेश्वर जवळपास काही सांगत नाहीत. वडील विठ्ठलपंतांचा संन्यास, चार भावंडांची परवड आणि १२९६ सालची आळंदीची समाधी हे सगळे मराठी मनात ज्या रूपाने ठसले आहे, ते मोठ्या प्रमाणात नामदेवांच्या नावावरच्या आदि, तीर्थावळी आणि समाधी या अभंगप्रकरणांतून आले. गद्यात महानुभावांचे लीळाचरित्र त्याआधीचे; पण पद्यातले मराठी चरित्र इथे आकाराला आले. समाधीच्या अभंगांत नामदेव आहेत, पण ते कोपऱ्यात उभे राहून रडणारे आहेत. प्रसंग ज्ञानेश्वरांचा आहे. आणि तरीही आळंदीची समाधी ज्याला आठवते, त्याला त्या गर्दीतले व्याकूळ नामदेव आठवल्यावाचून राहत नाहीत. सांगणाऱ्याचा स्वर कथेत इतका मुरलेला आहे, की त्याला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

असेच चोखोबांचे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखामेळा त्याखाली गेले. नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपुरी आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. या कथेचा नायकही चोखोबा. अस्पृश्यतेने ज्याला देवळाबाहेर ठेवले त्याला देवळाच्या दारात कायमचे स्थान मिळाल्याची ही कथा आहे. पण ती नामदेवांच्या पावलांशिवाय सांगताच येत नाही. जनाबाई तर परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. त्या नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी राबल्या आणि आपल्या अभंगांच्या मुद्रेत त्यांनी नामयाची दासी अशी ओळख ठेवली. बायकांनी जात्यावर जनीला जागवले, आणि तिच्याबरोबर नामाही पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत पोचला. एका मोलकरणीला अभंग रचण्याइतका अवकाश ज्या घरात मिळाला, त्या घराची कीर्ती तिनेच केली. ज्याने इतरांना जागा दिली, त्याचे नाव त्या इतरांनी वाहून नेले. नामदेवांच्या कीर्तीचे पहिले कारण मला हे दिसते.

दुसरे कारण अधिक धाडसी आहे. वारकरी परंपरेने नामदेवांची जी कथा जपली, तिच्यात त्यांचा जाहीर अपमान जपला आहे. तेरला कुंभार गोरोबाकाकांकडे संत जमले असताना, मडकी पक्की की कच्ची हे ज्या थापटण्याने पाहतात, त्याच थापटण्याने गोरोबांनी एकेका संताचे डोके थापटले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, तो भक्त सर्वांसमोर कच्चा! गुरू नाही म्हणून ही उणीव, असे कळल्यावर ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले, आणि देव नाही अशी जागा दाखव म्हणजे तिथे पाय ठेवतो, या उत्तराने नामदेवांचे डोळे उघडले. ही कथा झाकून ठेवणे अवघड नव्हते. मागच्या पिढ्यांनी ती झाकली नाही, उलट रंगवून सांगितली, कारण कच्चेपणाचा हा प्रसंगच पुढच्या नामदेवांना विश्वसनीय करतो. एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली केलेल्या एका प्रयोगाशी हे जुळते. प्रश्नमंजुषेत उत्तम उत्तरे देणाऱ्या माणसाच्या अंगावर कॉफी सांडल्याचे ध्वनिमुद्रण ऐकलेल्यांना तो अधिक आवडला. पण जो मुळातच सुमार होता, त्याच्या हातून कॉफी सांडली तर तो आणखी नावडता झाला. दुसरा अर्धा भाग सल्लागार सहसा सांगत नाहीत. उणीव कबूल केल्याने माणूस जवळचा वाटतो, मात्र त्याच्या कामाचा कस आधी लागलेला असला पाहिजे. अपयशाचे भावुक व्हिडिओ काढणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे.

तिसरे कारण म्हणजे कथेची सुटसुटीत बांधणी. बाप दामाशेटी परगावी गेला म्हणून लहानग्या नामाला नैवेद्य घेऊन देवळात पाठवले. देव खाईना, म्हणून मूल हटून बसले. देवाला खावे लागले. दोन पात्रे, एक ताट, एक हट्ट. ही गोष्ट सांगायला पंडित लागत नाही, आजी पुरते. देऊळ फिरल्याची कथाही अशीच. कीर्तनाला समोर बसू दिले नाही म्हणून नामदेव देवळामागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. हिंगोली जिल्ह्यात ही कथा औंढ्याच्या नागनाथाची म्हणून सांगतात. पंजाबात आदिग्रंथातल्या नामदेवांच्या रचनेत ती येते, तेव्हा तिथे जातीवरून उठवून लावलेला छिंपा म्हणजे शिंपी हाच तिचा गाभा असतो. ज्याला कधी कुठे दारातून परत फिरवले आहे, अशा प्रत्येकाला ती आपली वाटते. बार्टलेटच्या वाचकांनी जे केले, तेच इथे शतकानुशतके घडले आहे : ऐकणाऱ्याने कथेचा कणा ठेवला आणि आपल्या मुलखाचे कपडे तिला चढवले.

ही सूट नामदेवांच्या नावालाही मिळाली, आणि इथून अभ्यासकांची खरी डोकेदुखी सुरू होते. नामा म्हणे ही मुद्रा एका माणसाची राहिली नाही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा झाला. त्याच्या आणि आणखी काही नामांच्या रचना गाथ्यात मिसळल्या. ज्या चरित्रप्रकरणांचा वर उल्लेख केला, त्यांतले किती अभंग मूळ नामदेवांचे, यावरही मतभेद आहेत. ख्रिश्चन ली नोवेट्झके या अमेरिकी अभ्यासकाने नामदेवांच्या सार्वजनिक स्मृतीवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे मांडले, की नामदेव हे नाव कीर्तनातून अनेकांनी मिळून चालवलेले, सामुदायिक कर्तृत्वाचे नाव आहे. हे म्हणणे मला पटते. सतराव्या शतकात तुकोबांनी आपल्या कवित्वाचे मूळ सांगताना स्वप्नात विठ्ठलाला घेऊन आलेल्या नामदेवांचेच नाव घेतले आणि नामदेवांचा अपुरा राहिलेला शतकोटी अभंगांचा संकल्प आपल्याकडे आल्याचे सांगितले. महिपतींनी १७६२ मध्ये भक्तविजय पूर्ण केला, त्यातही नामदेवांच्या कथांना मोठी जागा आहे. शिंपी समाजाने तर त्यांचे नाव आपल्या समाजाच्या नावातच घेतले. तीनशे-चारशे वर्षांनंतरचा माणूस आपले काम तुमच्या नावाने सुरू करतो, याहून मोठा नावलौकिक कोणता?

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की संतांना ब्रँडच्या चर्चेत ओढणे हाच त्यांचा अवमान आहे. अहंकार टाकायला सांगणाऱ्या माणसाला स्वतःची जाहिरात करणाऱ्यांचा आदर्श कसे करता? आक्षेपात तथ्य आहे, आणि नामदेव ब्रँड होते असे माझे म्हणणे नाही. नाव कसे टिकते याची एक रीत त्यांच्या स्मृतीत दिसते, एवढेच मी म्हणतो. त्या रीतीचा गाभा स्वतःकडून नजर काढून घेणे हा असल्यामुळे, तिची नुसती नक्कल करून चालत नाही. कुणी हिशेब करून दुसऱ्यांची स्तुती करू लागला, तर गावाला ते आठवड्याभरात कळते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे : दुसऱ्यांच्या कथा सांगणारे कित्येक जण विसरले गेलेच की. नामदेवांचे समकालीन परिसा भागवत किती जणांना ठाऊक आहेत? हे मान्य करायला हवे. एकट्या कथेने नाव टिकत नाही. नामदेवांपाशी अभंग होते, कीर्तन होते, पायी केलेला उत्तरेचा प्रवास होता आणि परक्या बोलीत रचना करण्याची तयारी होती. कथेने कामाला पाय दिले. काम नसते तर पाय कोणाला देणार? मात्र उलट उदाहरणेही तितकीच आहेत. उत्तम काम करून गावाबाहेर कोणाला ठाऊक न झालेले सुतार, वैदू, बी जपणाऱ्या बाया मराठवाड्यात कमी नाहीत. त्यांचे काम कमी पडले नाही. त्यांच्याबद्दल सांगणारे कोणी नव्हते.

तिसरा आक्षेप खोटेपणाचा. २००९ मध्ये रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन यांनी एक प्रयोग केला. जुन्या बाजारातून सुमारे १२९ डॉलरला शंभर किरकोळ वस्तू घेतल्या, लेखकांकडून प्रत्येकीवर काल्पनिक गोष्ट लिहून घेतली आणि त्या ईबेवर लिलावात ठेवल्या. सगळ्या मिळून ३,६०० डॉलरच्या वर गेल्या. मग बनावट गोष्टही चालतेच, असे कोणी म्हणेल. पण त्या गोष्टी काल्पनिक आहेत हे खरेदी करणाऱ्यांपासून लपवलेले नव्हते, आणि व्यवहार एकदाचा होता. साखऱ्यात किंवा सेनगावात व्यवहार एकदाचा नसतो. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत यायचे असते, त्याचा मेहुणा शेजारच्या गावात असतो, आणि सेंद्रिय म्हणून विकलेल्या शेतात फवारणी होताना बांधावरून दिसते. लहान वस्तीत खोटी गोष्ट महाग पडते. आणि सालोमालोसारखे दुसऱ्याचे कवित्व आपल्या नावावर खपवणारे तुकोबांच्या काळीही होते. तुकोबांनी त्यांना अभंगांतून फटकारले, आणि आज सालोमालोंचे नाव उरले आहे ते त्या फटकाऱ्यापुरते.

ही रीत उद्योगातही चालते, याचा दाखला मराठीतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो घेईनात आणि पहिले नांगर खपायला फार वाट पाहावी लागली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. ते कारखान्याचे जाहिरातपत्र होऊन राहिले असते तर आज कोणाला आठवले नसते. शंकररावांनी ते वाचकांचे केले; उद्योग करणाऱ्या साध्या माणसांच्या हकिकती, सामाजिक प्रश्न आणि कथा-कविता यांना त्यात जागा दिली. 'स्त्री' १९३० मध्ये आणि 'मनोहर' १९३४ मध्ये निघाले. नांगर आणि पंप न घेणाऱ्या घरांतही किर्लोस्कर हे नाव आपुलकीने घेतले गेले, ते या पानांमुळे.

साखऱ्यातल्या माणसाने यातून काय घ्यावे? हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीत हळदीचा मोठा बाजार भरतो. पण बीटात ढीग लागला की हळकुंड कोणत्या शेतातले, ते कोणी पिकवले, कोणी शिजवले, हे सगळे पुसले जाते. भाव लांबी, रंग, ओल आणि चकाकी पाहून ठरतो. ज्याला पाकीट बांधून थेट गिऱ्हाइकाला विकायचे आहे, त्याला गोष्ट लागणारच. तिथे स्वतःचा हसरा फोटो आणि यशस्वी उद्योजक ही पदवी यांनी काही साधत नाही, कारण असा फोटो शेजारच्या पाकिटावरही असतो. बेणे कोणाकडून आणले, कोणत्या वर्षी पाऊस लांबला आणि कंद सडले, पुढच्या वर्षी लागवडीत काय बदलले, शिजवणीचा अंदाज गावात कोणाला सर्वांत चांगला आहे, वाळवताना कोणत्या बायांचे हात लागले, हे लिहिता येते. ते खरे असते, दुसऱ्या कोणाला चोरता येत नाही, आणि ज्यांचा त्यात उल्लेख आहे ती माणसे ते पाकीट स्वतःहून चार घरी दाखवतात. अर्थात कोणाचे नाव छापायचे तर त्याला विचारून आणि मोबदल्यात त्याचा वाटा ठेवून. नाहीतर तीच गोष्ट शोषणाची होते.

भौगोलिक मानांकन हेही अनेकांनी मिळून चालवायचे नाव आहे. नामा या मुद्रेखाली कमी प्रतीची रचना मिसळली तर अभ्यासकाचे काम वाढते. वसमतच्या नावाखाली भेसळ मिसळली तर सगळ्या शेतकऱ्यांचा भाव पडतो. म्हणून या नावाच्या आश्रयाला येणाऱ्याने आपली गोष्ट तपासून घेता येईल अशी ठेवावी : शेताचा गट, काढणीचा महिना, कुरकुमिनच्या तपासणीचा अहवाल. स्वतःच्या गुणांची यादी त्यानंतर करावी, किंवा करूच नये. जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांना आणि शेतकरी गटांना माझी विनंती आहे, की मुलांना व्हिडिओ काढायला शिकवण्याआधी गावातल्या एका जाणत्या माणसाचे काम नीट विचारून, टिपून, त्याला वाचून दाखवायला शिकवा. त्या माणसाने मान हलवली, तर ती गोष्ट गावाबाहेर पाठवायला हरकत नाही.